बोंडअळीच्या नावातला फ्रेंच डॉक्टर

वाचकांचे प्रश्न, जाणकारांची उत्तरं

गेल्या अंकात कापूस, सोयाबीन आणि वांग्यावरच्या अळ्यांचा तक्ता दिला होता. त्यात प्रत्येक शास्त्रीय नावापुढे एका माणसाचं नाव आणि एक साल छापलं होतं. पत्रं फवारणीबद्दल येतील असं वाटलं होतं, पण बहुतेक आली ती या माणसांबद्दल. त्यांतली काही निवडून उत्तरं देत आहोत.

प्रश्न : तक्त्यात कापसाच्या अळीपुढे ‘एरियास इन्सुलाना (ब्वादूव्हाल, १८३३)’ असं कंसात आहे आणि वांग्याच्या अळीपुढे ‘ल्यूसिनोडिस ऑर्बोनॅलिस गने, १८५४’ असं कंसाशिवाय. छपाईची चूक झाली का?
— एक कापूस उत्पादक, सेलू, जि. परभणी

उत्तर : चूक नाही. तुम्ही बारकाईनं वाचलंत, कारण त्या कंसालाही अर्थ आहे.

शास्त्रीय नावातला पहिला शब्द आडनावासारखा, म्हणजे जवळच्या अनेक जातींना मिळून एकच. दुसरा शब्द त्या एका जातीचा. पुढचा माणूस म्हणजे ज्यानं त्या जातीचं पहिलं वर्णन छापून प्रसिद्ध केलं तो, आणि साल त्या छपाईचं. पुढे अभ्यास वाढतो, कुणाच्या तरी लक्षात येतं की हा पतंग या घरातला नाही, त्या घरातला आहे. मग पहिला शब्द बदलतो. दुसरा शब्द आणि माणसाचं नाव टिकतं, पण घर बदलल्याची खूण म्हणून त्या माणसाभोवती कंस पडतो.

ब्वादूव्हाल यांनी १८३३ साली या पतंगाला ‘टॉर्ट्रिक्स इन्सुलाना’ म्हटलं होतं. टॉर्ट्रिक्स म्हणजे पान गुंडाळणाऱ्या लहान पतंगांचं घराणं. बसलेला एरियास खरोखरच त्यांच्यासारखा दिसतो, त्यामुळे हा घोटाळा समजण्यासारखा आहे. नंतर तो एरियासमध्ये गेला आणि कंस आला. वांग्याचा शेंडा आणि फळ पोखरणारी अळी मात्र गने यांनी १८५४ साली ज्या ल्यूसिनोडिसमध्ये ठेवली, आजही तिथंच आहे. म्हणून तिथं कंस नाही.

दुसऱ्या शब्दाचं शेपूटही वाचण्यासारखं असतं. शास्त्रीय नावांची ही पद्धत रूढ करणाऱ्या लिनियसनं घालून दिलेल्या रिवाजाप्रमाणे पान गुंडाळणाऱ्यांच्या नावाला शेवटी ‘-आना’ लावत, पायरॅलिस घराण्याला ‘-ॲलिस’ आणि अगदी बारीक पतंगांना ‘-एला’. त्यामुळे ‘इन्सुलाना’ हा शब्द पाहूनच कळतं की नाव देणाऱ्यानं तिला टॉर्ट्रिक्स समजलं होतं. ‘ऑर्बोनॅलिस’ पायरॅलिसच्या गोतावळ्यातली. गुलाबी बोंडअळीचं ‘गॉसिपिएला’ आणि कोबीवरच्या चौकोनी ठिपक्याच्या पतंगाचं ‘झायलोस्टेला’ ही बारीक पतंगांची नावं. सगळ्याच नावांना हा नियम लागत नाही, पण जुन्या नावांना बऱ्याचदा लागतो.

प्रश्न : हे ब्वादूव्हाल कोण? शेतीतज्ज्ञ होते का? त्यांच्याबद्दल मराठीत काही वाचायला मिळत नाही.
— बी.एस्सी. कृषीची विद्यार्थिनी, औसा, जि. लातूर

उत्तर : पेशानं डॉक्टर. झँ बातिस्त ब्वादूव्हाल यांचा जन्म २४ जून १७९९ चा, नॉर्मंडीतल्या ऑर्न भागातल्या तिशव्हिल या लहान गावचा. मृत्यूही तिथलाच, ३० डिसेंबर १८७९. मधली बरीच वर्षं पॅरिसमध्ये गेली. वैद्यकी, वनस्पतिशास्त्र आणि कीटक हे तिन्ही त्यांच्या हातात होतं आणि ते एकमेकांच्या कामी आलं. ज्याला झाड ओळखता येतं त्यालाच अळी कशावर वाढते हे नीट लिहिता येतं.

पॅरिसमध्ये नेपोलियनच्या सैन्यातले एक सेनानी होते, देजाँ. त्यांचा भुंगेऱ्यांचा संग्रह त्या काळात फार मोठा मानला जाई. ब्वादूव्हाल त्या संग्रहाची देखभाल करत. हजारो टाचलेले कीटक, त्यांच्या चिठ्ठ्या, त्यांची क्रमवारी, बुरशी आणि किडीपासून राखण. ज्यांच्या हातून हे काम गेलेलं असतं त्यांची नजर तयार होते. २९ फेब्रुवारी १८३२ रोजी पॅरिसमध्ये फ्रान्सची कीटकशास्त्र संस्था स्थापन झाली, तेव्हा संस्थापकांत तेही होते. त्या काळचे सर्वांत थोर कीटकशास्त्रज्ञ लात्रेय तिचे मानद अध्यक्ष झाले.

त्यांचं काम तीन अंगांनी पाहावं लागतं.

पहिलं, दूरदेशीचे पतंग आणि फुलपाखरं. ‘ॲस्ट्रोलेब’ हे फ्रेंच जहाज १८२६ ते १८२९ या काळात पॅसिफिकची सफर करून आलं. त्यावरून आलेल्या कीटकांचं वर्णन ब्वादूव्हाल यांनी केलं. १८३३ मध्ये मादागास्कर, बूर्बाँ (आजचं रीयुनियन) आणि मॉरिशस इथल्या फुलपाखरं-पतंगांवर त्यांचा ग्रंथ आला. तिथल्या अळ्या-पतंगांच्या सवयींची टिपणं स्गांझँ नावाच्या गृहस्थांनी दिली होती. आपल्या कापसाची अळी याच ग्रंथातून नावारूपाला आली. ‘इन्सुलाना’ म्हणजे बेटावरची. पुढे सोन्याच्या मोहात कॅलिफोर्नियाला गेलेल्या लॉर्कँ नावाच्या फ्रेंच माणसानं तिथून फुलपाखरं पाठवली, ती ब्वादूव्हाल यांनी १८५२ मध्ये प्रसिद्ध केली. त्यातल्या एका देखण्या फुलपाखराला त्यांनी लॉर्कँचंच नाव दिलं. अमेरिकेत ते आजही ‘लॉर्किन्स ॲडमिरल’ म्हणून ओळखलं जातं.

दुसरं अंग अळ्यांचं. आमच्या मते त्यांची खरी थोरवी इथं आहे. त्या काळी बहुतेक संग्राहकांना पंख हवे असत. अळीकडे कोण बघतो? ब्वादूव्हाल यांनी रांब्यूर आणि ग्रासलाँ या दोघांबरोबर १८३२ पासून युरोपातल्या अळ्यांची सचित्र मालिका काढली. अमेरिकन सहकारी जॉन ल काँट यांच्याबरोबर उत्तर अमेरिकेची फुलपाखरं आणि अळ्या यांवर १८२९ पासून ग्रंथ काढला. त्यात जॉर्जियात राहणाऱ्या जॉन ॲबट यांची चित्रं वापरली. एकाच पानावर झाड, अळी, कोष आणि पंख पसरलेलं फुलपाखरू. आज कृषी विद्यापीठाच्या भित्तिपत्रकावर किडीच्या सगळ्या अवस्था शेजारीशेजारी दिसतात, त्या मांडणीमागे अशा पानांची मोठी परंपरा आहे.

तिसरं अंग बागायतीचं, त्यामुळे ‘शेतीतज्ज्ञ होते का’ हा तुमचा प्रश्न अगदी चुकीचा नाही. १८६७ मध्ये त्यांनी फळबागा, भाजीपाला आणि फुलझाडांच्या किडींवर मोठा ग्रंथ लिहिला. त्याच्याशी निगडित एक प्रश्न शेवटी पैठणहून आला आहे.

१८३६ साली त्यांनी जगातल्या सगळ्या फुलपाखरं-पतंगांचा आढावा घ्यायचा संकल्प सोडला. पहिला खंड निघाला. त्यात आपल्या माळरानावर दिसणारं एक छोटं पिवळं फुलपाखरूही आहे, युरेमा लाएटा. उन्हाळ्यात त्याच्या पंखांचा खालचा भाग वाळल्या गवतासारखा तांबूस होतो आणि त्यावर दोन समांतर रेघा दिसतात. पतंगांचे पुढचे खंड शार्त्र गावचे वकील अशील गने यांनी १८५२ ते १८५७ च्या सुमारास लिहिले. वांग्याची अळी त्यांतल्या १८५४ च्या खंडातली. ब्वादूव्हाल यांचा स्वतःचा पुढचा खंड आला तो थेट १८७४ मध्ये, पंचाहत्तरीच्या उंबरठ्यावर, घारीसारखी झेप घेणाऱ्या मोठ्या पतंगांवर. त्यांचा संग्रह पुढे रेन शहरातल्या शार्ल ओबरथ्यूर यांच्याकडे गेला आणि त्यातला मोठा वाटा नंतर लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियममध्ये.

एक उणीवही सांगायला हवी. त्यांच्या काळच्या चिठ्ठ्यांवर बऱ्याचदा फक्त ‘कॅलिफोर्निया’ एवढंच असे. गाव नाही, तारीख नाही, झाड नाही. नेमका कुठला डोंगर, हे ठरवण्यात पुढच्या अभ्यासकांची कितीतरी वर्षं गेली. खाली अंबाजोगाईच्या उत्तरात चिठ्ठीवर इतका भर दिला आहे, तो यामुळेच.

प्रश्न : नाव मादागास्करच्या कीटकाला दिलं, मग ती अळी तिकडून आपल्याकडे आली का? आणि बीटी आल्यापासून ती दिसत नाही असं म्हणतात. आमच्या भेंडीत मात्र दिसते. ओळखायची कशी?
— अंबड, जि. जालना

उत्तर : पहिलं वर्णन जिथल्या नमुन्यावरून झालं ते ठिकाण म्हणजे कीटकाचं माहेर नव्हे. ही जात आफ्रिका, भूमध्य समुद्राचा परिसर, पश्चिम आशिया आणि भारत अशी दूरवर पसरलेली आहे. बेटावरचा नमुना ब्वादूव्हाल यांच्या टेबलावर आधी पोहोचला, इतकंच. पुढे दुसऱ्या अभ्यासकांनी याच पतंगाला ‘सिलिक्वाना’ आणि ‘स्मॅरॅग्डिनाना’, म्हणजे पाचूसारखी, अशी नावं दिली. या जातीचा रंग हंगामाप्रमाणे हिरवा, पिवळसर, तपकिरी असा बदलतो, त्यामुळे एकच पतंग वेगवेगळा वाटणं सहज शक्य होतं. ती नावं १८५० नंतरची. नियम असा की आधी छापलेलं नाव खरं, म्हणून १८३३ चं ‘इन्सुलाना’ टिकलं.

बीटी कापसातलं प्रथिन ठिपक्यांच्या बोंडअळ्यांवर, म्हणजे एरियासवर, अजून चांगलं काम करतं, म्हणून कापसात त्या कमी झाल्या. गुलाबी बोंडअळीला या प्रथिनाची सवय झाली, तशी त्यांना झालेली नाही. पण भेंडी, अंबाडी, बांधावरची पेठारी आणि बिगर-बीटीच्या कडेच्या ओळी यांवर त्या जगतातच.

आपल्याकडे एरियासच्या दोन जाती, इन्सुलाना आणि व्हिटेला, सोबतीनं राहतात. पतंग हाती आला तर ओळख सोपी आहे. इन्सुलानाचा पुढचा पंख सगळा एकरंगी, हिरवा किंवा गवती, त्यावर पुसट नागमोडी आडव्या रेघा. व्हिटेलाचा पुढचा पंख मळकट पांढरा किंवा फिकट गुलाबी, आणि मधोमध मुळापासून कडेपर्यंत रुंदावत जाणारी हिरवी पाचर. मागचे पंख दोघींचेही रेशमासारखे पांढरे. पंख पसरले की रुंदी दोन-सव्वादोन सेंटिमीटर. अळीत फरक असा की इन्सुलानाच्या अंगावर बोटांसारखे मांसल, काटेरी उंचवटे असतात, म्हणून तिला काटेरी बोंडअळी म्हणतात. व्हिटेलाला इतके लांब उंचवटे नसतात.

लहान रोपात ती शेंड्यात शिरते आणि शेंडा मान टाकतो. पुढे पात्या (म्हणजे कळ्या), फुलं, बोंडं. भोक पडलेल्या पातीची बाहेरची पानं फाकतात आणि ती गळून पडते. भेंडीत भोकाच्या तोंडाशी विष्ठा दिसते आणि शेंग वाकडी होते. मान टाकलेले शेंडे नखानं खुडून पिशवीत घ्या. बांधावर टाकले तर अळी त्यातून निघून दुसऱ्या झाडावर जाते. कोष उलट्या नावेसारखा, मळकट पांढरा, देठाला किंवा पाचोळ्याला चिकटलेला असतो. नावेच्या आकाराचा कोष ही या कुळाचीच खूण आहे, आणि पतंग हाती नसतानाही तेवढ्यावरून घराणं ठरवता येतं.

प्रश्न : नावाचा उच्चार ‘बॉइसडुवल’ की ‘ब्वादूव्हाल’?
— किनवट, जि. नांदेड

उत्तर : फ्रेंचमध्ये मधला ‘स’ मुका आहे आणि सुरुवात ‘ब्वा’. तेव्हा ‘ब्वादूव्हाल’ जवळचा. जुन्या मराठी पुस्तिकांत ‘बॉइसडुवल’ दिसलं तर तो हाच माणूस.

प्रश्न : सोयाबीनवरच्या पानं खाणाऱ्या अळीला आमच्या घरच्या जुन्या पुस्तिकेत ‘प्रोडेनिया’ लिहिलंय, हल्ली ‘स्पोडोप्टेरा लिट्युरा’. मोबाइलवर शोधलं की ‘लिटोरॅलिस’चे फोटो येतात. तिन्ही एकच का?
— वसमत, जि. हिंगोली

उत्तर : पहिली दोन एकच, तिसरी वेगळी.

प्रोडेनिया आणि स्पोडोप्टेरा ही दोन्ही घरं गने यांनीच १८५२ मध्ये उभी केली. पुढे दोन्ही एकत्र झाली आणि स्पोडोप्टेरा हे नाव राहिलं. मक्यावरची लष्करी अळीही त्याच घरातली. तुमच्या शेतातली लिट्युरा, तिला नाव डॅनिश कीटकशास्त्रज्ञ फॅब्रिसियसनं दिलेलं, १७७५ चं. लिटोरॅलिस ही ब्वादूव्हाल यांची, पुन्हा त्याच १८३३ च्या ग्रंथातली. ती आफ्रिका, भूमध्य समुद्राचा परिसर आणि पश्चिम आशियातली. लिट्युरा भारत, पूर्व आशिया आणि ऑस्ट्रेलियाकडची.

पंख पाहून या दोघींत फरक करता येत नाही, फोटोवरून तर नाहीच. अभ्यासक नराच्या पोटाचं टोक कापून १० टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या द्रावणात गरम पाण्यावर १० ते १५ मिनिटं ठेवतात. मऊ भाग विरघळतो आणि जननेंद्रियांचे कठीण भाग उरतात. ते सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले की निकाल लागतो. हे द्रावण कातडी आणि डोळे जाळतं, त्यामुळे प्रयोगशाळेत, हातमोजे आणि चष्मा घालूनच. शेतकऱ्याला त्याची गरज नाही. मराठवाड्यातल्या सोयाबीनवर ती लिट्युराच धरायची. अंडी पानाच्या मागे पुंजक्यानं, वर मादीच्या अंगावरच्या भुरकट केसांचं पांघरूण. पहिल्या दोन-तीन दिवसांत सगळ्या पिल्लअळ्या त्याच पानावर असतात आणि पानाची जाळी करतात. तेवढं पान तोडून साबणाच्या पाण्यात बुडवलं की शे-दोनशे अळ्या एका हातानं जातात. आठवडा उलटला की त्या विखुरतात आणि दिवसा मातीत लपतात. मग हे काम शक्य राहत नाही.

प्रश्न : कॉलेजच्या प्रकल्पासाठी शेतातल्या अळ्या वाढवून पतंग टाचले. काही अळ्या काळ्या पडून मेल्या, काहींचे पंख चुरगळलेले निघाले. जे टाचले त्यांना श्रावणात बुरशी आली आणि खोक्यातला थर्माकोल डांबरगोळीभोवती खड्डे पडून विरघळला. काय चुकलं?
— विद्यार्थी, अंबाजोगाई, जि. बीड

उत्तर : चारही अपघातांना वेगवेगळी कारणं आहेत. क्रमानं घेऊ.

अळी वाढवताना एका डब्यात एकच. घाटेअळी तर शेजारणीला खातेच. अर्ध्या लिटरचा रुंद तोंडाचा डबा, तळाला वर्तमानपत्राचा तुकडा, तोंडावर मलमल आणि रबर. प्लास्टिकचं झाकण लावू नका. आत वाफ धरते, पानाला पाणी सुटतं आणि ओल्या विष्ठेत रोग पसरतो. खाद्य रोज बदला, कागदही रोज. अळीला बोटानं ओढू नका. ती ज्या जुन्या पानावर आहे तेवढा तुकडा कापून नव्या पानावर ठेवा. मेलेली अळी नीट पाहा. मागच्या पायांवर उलटी लोंबकळलेली, काळी, कातडी फाटून पातळ द्रव गळणारी असेल तर विषाणू. तो डबा उकळत्या पाण्यानं धुवा, त्यातलं काहीही दुसऱ्या डब्यात जाऊ देऊ नका. कडक पांढरी होऊन नंतर हिरवट पावडर धरली तर बुरशी, आणि ती शेताच्या दृष्टीनं मित्र आहे. अळीशेजारी तांदळाच्या दाण्याएवढे पांढरे कोष दिसले तर परजीवी गांधीलमाशीचे. तेही टाकून देऊ नका, वेगळ्या नळीत ठेवा. अळी, झाड आणि परजीवी यांची जोडी लिहिली गेली तर तो तुमच्या प्रकल्पातला सर्वांत मोलाचा भाग ठरेल.

कोषाची वेळ आली की अळी खाणं सोडून डब्यात फिरते. घाटेअळी आणि स्पोडोप्टेरा मातीत कोष करतात. त्यांना चाळलेली, मुठीत धरल्यावर गोळा होईल इतपत ओली माती पाच सेंटिमीटर द्या. एरियास कापडावर किंवा डब्याच्या भिंतीवर कोष विणते, तिला माती नको.

पंख चुरगळण्याचं कारण बहुधा गुळगुळीत डबा. कोषातून निघालेल्या पतंगाचे पंख ओल्या कापडासारखे असतात. त्याला खरबरीत उभ्या जागेवर चढून पंख खाली सोडून लोंबकळावं लागतं. मग तो अंगातला द्रव पंखांच्या शिरांत ढकलतो आणि पंख उघडतात. काचेवरून घसरला, तळाला पडला की पंख तसेच वाळतात. डब्यात उभी काडी किंवा खरखरीत कागदाची पट्टी लावा. हवा फार कोरडी असेल, मराठवाड्यात मार्चनंतर असतेच, तर मलमलीवर दिवसातून एकदा पाण्याचा हलका फवारा द्या.

पतंग निघाल्यावर पूर्ण २४ तास थांबा, पंख टणक होऊ द्या. मग बंद डबीत घालून फ्रीजरमध्ये एक दिवस. बाहेर काढल्यावर डबी लगेच उघडू नका. अर्ध्या तासानं उघडा, नाहीतर बाहेरच्या दमट हवेचं दव पंखांवर बसून खवले चिकटतात.

टाचणी कीटकांसाठी मिळते तीच, स्टीलची, ३८ मिलिमीटर लांब. मोठ्या पतंगाला २ किंवा ३ नंबर, एरियाससारख्याला ० किंवा १. शिंप्याची टाचणी वर्षभरात गंजते आणि पतंग फोडते. टाचणी छातीच्या मधोमध, सरळ उभी, आणि वर साधारण एक सेंटिमीटर मोकळी, म्हणजे बोटांनी पतंगाला न शिवता उचलता येतं. पंख पसरण्याच्या फळीत अंग बसेल एवढी खाच हवी. पुढच्या पंखाच्या कडेलगतच्या जाड शिरेमागे बारीक टाचणीचं टोक लावून पंख वर सरकवा, पंखाला भोक पाडू नका. पुढच्या पंखाची मागची कड अंगाशी काटकोनात आली की थांबा. वर ट्रेसिंग कागदाची पट्टी, आणि टाचण्या पट्टीतून पंखाच्या बाहेर. उन्हाळ्यात चार-पाच दिवसांत वाळतो, श्रावण-भाद्रपदात दहा दिवस द्या. घाई केली तर पंख पुन्हा खाली येतात. फळी ज्या स्टुलावर ठेवाल त्याच्या पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवा. तांबड्या मुंग्या एका रात्रीत पोट पोकळ करतात.

आता बुरशी आणि थर्माकोल. डांबरगोळीची, म्हणजे नॅप्थलीनची, वाफ थर्माकोल विरघळवते. दोन्ही एका खोक्यात कधीच नको. तळाला फोमशीट किंवा बूच वापरा. गोळी मलमलीच्या पुरचुंडीत बांधून कोपऱ्यात टाचणीनं पक्की करा. सुटी गोळी खोकं हलवलं की गडगडत जाऊन पतंगांची भुकटी करते. नॅप्थलीन किडीला दूर ठेवतं, बुरशीला नाही. बुरशीला ओलावा लागतो, म्हणून पतंग पूर्ण वाळल्याशिवाय खोक्यात घालू नका. पावसाळ्यात सिलिका जेलची पुडी ठेवा आणि तिचा निळा रंग गुलाबी झाला की तव्यावर मंद आचेवर तापवून पुन्हा वापरा. बुरशी आलेल्या पतंगावर मऊ ब्रशनं थोडं अल्कोहोल लावून सावलीत वाळवा. खोक्याच्या तळाशी भुसा दिसला तर ते संग्रह खाणाऱ्या भुंगेऱ्यांच्या अळ्यांचं काम. खोकं प्लास्टिकमध्ये बांधून आठवडाभर डीप फ्रीजरमध्ये ठेवा.

आणि चिठ्ठी. टाचणीवर पतंगाखाली, पेन्सिलीनं किंवा न पसरणाऱ्या काळ्या शाईनं. बॉलपेनची शाई पसरते. पहिल्या चिठ्ठीवर राज्य, जिल्हा, तालुका, गाव, तारीख आणि पकडणाऱ्याचं नाव. दुसऱ्या चिठ्ठीवर ‘भेंडीच्या शेंगेतील अळीपासून वाढवला’ यासारखी नोंद, कोष झाल्याची आणि पतंग निघाल्याची तारीख. पतंग एकवेळ मोडका असला तरी चालेल, पण चिठ्ठीशिवायचा देखणा पतंग अभ्यासाला निरुपयोगी. ओळख पक्की करायची असेल तर दोन-तीन नमुने परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाच्या कीटकशास्त्र विभागात नाहीतर जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात दाखवा. चिठ्ठी पाहूनच ते तुमच्याशी पुढचं बोलतील.

प्रश्न : शाळेतल्या मुलांनी फुलपाखरं पकडून संग्रह केला तर कायद्यानं चालतं का? एकोणिसाव्या शतकातल्या या लोकांनी तर हजारो पकडली.
— शिक्षिका, परांडा, जि. धाराशिव

उत्तर : बाई, त्यांच्या काळी नावंच नव्हती. ती देण्यासाठी नमुना हवा होता. आज शाळेच्या प्रकल्पाला त्याची गरज नाही. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या परिशिष्टांत काही फुलपाखरं आहेत आणि त्यांतली काही आपल्या अंगणातही येतात. मुलांना ती ओळखता येणार नाहीत. येडशी रामलिंग घाट, नायगाव मयूर किंवा गौताळा अशा अभयारण्यांत तर परवानगीशिवाय काहीच उचलायचं नाही. शेतातल्या किडींच्या पतंगांना ही अडचण नाही.

त्याऐवजी वर्गाच्या खिडकीत पानफुटीच्या चार-पाच कुंड्या ठेवा. तिच्यावर काळं-पांढरं-केशरी असं चिमुकलं फुलपाखरू अंडी घालतं, टॅलिकाडा नायसियस. नाव दिलं गेरँ-मेनव्हिल यांनी, १८४३ मध्ये. हेही फ्रेंच आणि ब्वादूव्हाल यांच्याच वर्षी, १७९९ साली जन्मलेले. अळी पानाच्या आत शिरून गर खाते, म्हणून बाहेरून फक्त फिकट, पारदर्शक डाग आणि एखादं भोक दिसतं. डागाचं पान उजेडाला धरलं की अळी दिसते. मुलांना रोज एकाच पानाचं चित्र काढायला सांगा. कुंडीला कीटकनाशक नको आणि पाणी बेताचं, नाहीतर पानफुटी कुजते. फुलपाखरू निघालं की खिडकी उघडायची.

प्रश्न : वांग्यावर लाल कोळी आला आहे. एका जुन्या माहितीपत्रकात ‘टेट्रानिकस सिनाबॅरिनस (ब्वादूव्हाल)’ लिहिलंय, नव्या बाटलीवर ‘अर्टिसी’. औषध चुकीचं दिलं का?
— पैठण, जि. छत्रपती संभाजीनगर

उत्तर : औषध चुकीचं नाही. सिनाबॅरिनस हे नाव ब्वादूव्हाल यांनी १८६७ मध्ये दिलं, वर ज्याचा उल्लेख आला त्याच बागायतीच्या ग्रंथात. सिनाबार म्हणजे हिंगूळ, तसा लाल म्हणून. आज बरेच अभ्यासक त्याला दोन ठिपक्यांच्या कोळ्याचं, म्हणजे अर्टिसीचं, लाल रूप मानतात. अर्टिसी हे नाव १८३६ चं, जुनं म्हणून तेच पुढे चालतं.

कोळी कीटक नाही, त्याला आठ पाय असतात. त्यामुळे अळीचं औषध मारून तो जात नाही. उलट सिंथेटिक पायरेथ्रॉइड फवारलं की त्याला खाणारे मित्रकोळी आणि भुंगेरे मरतात आणि आठवड्याभरात तो दुपटीनं दिसतो. पान पांढऱ्या कागदावर झटका. चालणारे लाल ठिपके दिसले की दहा पट भिंगानं पानाची मागची बाजू पाहा, जाळी आणि गोल अंडी तिथंच असतात. गंधक वापरणार असाल तर संध्याकाळी, आणि ऊन ३५ अंशांच्या पुढे गेलं असेल तर अजिबात नको, पानं करपतात. मात्रा बाटलीवरच्या लेबलाप्रमाणेच. फवारा पानाच्या मागे पोहोचला नाही तर फवारणी वाया गेली असं समजा. नोझल वरच्या दिशेला वळवून खालून वर मारा. नवी पिल्लं निघतात म्हणून पाच-सहा दिवसांनी तीच पानं पुन्हा भिंगाखाली पाहा.